पुढच्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन करायचीय, पण पावसाळ्यात समुद्र बंद, मग सराव कसा करायचा?

रत्नांग्रीचा_पेडल

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी रत्नागिरीचा, वय ३९, ऑफिसची नोकरी आणि घरची थोडी हापूसची कलमं. सायकल रोज होते, रविवारी साखरतर-काळबादेवी करत आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाऊन येतो. हाफ मॅरेथॉन धावून झालीय. पोहायला लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो, आता टँकमध्ये न थांबता दीडेक किलोमीटर होतं पण वेग काही खास नाही.

डोक्यात गोव्याची हाफ बसलीय. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. सायकल आणि धावण्याची मला तेवढी भीती नाही, पोहण्याची आहे. समुद्राच्या गावात जन्म गेला पण दर्यात गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलेलो नाही, आमच्याकडे घरात सगळ्यांना तशीच सक्त ताकीद असायची. आणि मुख्य अडचण अशी की स्पर्धा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तयारीचे सगळे ऐन महिने पावसाळ्याचे, तेव्हा दर्यात उतरायचा प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा, तेव्हा पहाटे चारपासून बागेत असतो. मग समुद्राचा सराव करायचा तरी कधी? की समुद्राचा नाद सोडून बाहेरच्या देशात एखादी तलावातली फुल (हाफच्या दुप्पट अंतराची) करावी, असंही एक मित्र म्हणतो.

बायकोचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त समुद्रात एकट्याने जायचं नाही ही तिची अट आहे आणि ती मला मान्य आहे. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

चिपळूणचा_घाटकरी

दादा, प्रश्न अगदी नेमका विचारलात. पुण्या-मुंबईचे प्लॅन नेटवर भरपूर मिळतात पण त्यात "शेवटच्या बारा आठवड्यांत ओपन वॉटर (म्हणजे टँकबाहेर, मोकळ्या पाण्यातलं पोहणं) वाढवा" असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे त्या बारा आठवड्यांत समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद, नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात तरी पोहणाऱ्याने सप्टेंबर संपेपर्यंत विचार करू नये. त्यामुळे कोकणातल्या माणसाने कॅलेंडर उलटं लावायचं. समुद्र शिकायचा तो नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे स्पर्धेच्या आधीच्या हिवाळ्यात. तुम्ही आत्ता सप्टेंबरात विचारताय आणि स्पर्धा पुढच्या वर्षी, म्हणजे वेळेवर आलात. नोव्हेंबर ते मार्च जमेल तितक्या वेळा दर्या, एप्रिल-मे आंबा सांभाळून नुसतं अंग हलतं ठेवायचं, जून ते सप्टेंबर टँकमध्ये वेग आणि अंतर, आणि पाऊस गेल्यावर स्पर्धेआधी दोन-तीनदा परत समुद्रात जाऊन यायचं, ते फक्त आठवण ताजी करायला. एकदा हिवाळ्यात नीट शिकलेलं शरीर विसरत नाही, हे मी माझ्यासकट बऱ्याच जणांत बघितलंय.

वेळेचं गणित सांगतो म्हणजे भीती जरा मोजता येईल. हाफला पोहण्याची मुदत साधारण १ तास १० मिनिटं असते. १९०० मीटर ७० मिनिटांत म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. ऐकायला सोपं वाटतं, पण समुद्रात माणूस सरळ जात नाही, वाकडातिकडा पोहून अंतर वाढतं, म्हणून टँकमध्ये १०० मीटर २:४५ च्या आत सलग आलं पाहिजे. पुढचं बघा, पोहणं ५५ मिनिटं धरा, कपडे-बूट बदलायला दोन्ही वेळचे मिळून १५ मिनिटं, सायकल ताशी २५ ने ३ तास ३६ मिनिटं, धावणं किलोमीटरला साडेसात मिनिटांनी २ तास ३८ मिनिटं. झाले ७ तास २४ मिनिटं, एकूण मुदत साडेआठ तासांची. तुमच्यासारख्या रोज सायकल मारणाऱ्या माणसाला हे शंभर टक्के जमणारं आहे.

सायकलसाठी तुमच्याकडे सोन्यासारखा रस्ता आहे. रत्नागिरी-गणपतीपुळे-मालगुंड-जयगड आणि परत, साधारण नव्वदच्या आसपास होतं आणि चढउतार गोव्यापेक्षा कमी नाहीत. महिन्यातून दोनदा तो करा आणि घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून लगेच वीस मिनिटं धावायला निघा. यालाच ब्रिक म्हणतात. पहिले दोन किलोमीटर पाय आपले नाहीतच असं वाटतं, ते वाटणं ओळखीचं झालं पाहिजे. आणि गाडीच्या किंवा दुसऱ्या सायकलच्या मागे चिकटून जायची सवय असेल तर आत्ताच सोडा, स्पर्धेत पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पेनल्टी बसते.

दर्याकिनारी_मालवण

पेडलदादा, समुद्राबद्दल मी लिहितो. आमचं घर रापणीचं, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासेमारी करणारं. माझो बापूस रापणीक जाय, त्यामुळे दर्या बघायचा कसा ते घरातच शिकायला मिळालं. बाबांचं सांगणं एकच असायचं, "आधी वारो बघ, मगे पाणी बघ."

पहिली गोष्ट तिथी. मोबाईलवर भरतीची ॲप आहेत, ती वापराच, पण आपल्या लोकांचा हिशोबही डोक्यात असू दे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीन आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून ॲपशी ताडून बघायचं. आता यात तुमच्या कामाचं काय, तर पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, ओढ खूप. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी, ओढ कमी. आणि नेमकं त्याच दिवसांत सकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरून थांबलेलं असतं. म्हणजे षष्ठी ते दशमी, दोन्ही पक्षांत, उजाडल्या उजाडल्या उतरायचं आणि ओहोटीने जोर धरायच्या आत बाहेर. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा सोयीचं काय असणार. महिन्यातून दोन वेळा चार-पाच दिवसांची ही खिडकी मिळते, हिवाळाभर तेवढी पाळली तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट वारा. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून दर्याकडे, त्यामुळे काठाजवळ पाणी अगदी सपाट दिसतं आणि नवीन माणूस फसतो. तोच वारा पाठीवर घेत घेत माणूस बाहेर जातो आणि परत येताना तोंडावर घ्यावा लागतो. म्हणून बाहेर जायचंच नाही. काठाला समांतर पोहायचं, छातीभर पाण्याच्या हद्दीत, उभं राहिलं तर पाय टेकतील असं. खारा वारा दहा-अकरानंतर सुरू होतो, मग लाटा चढतात, तेव्हा तुम्ही घरी पाहिजे.

जागेचं सांगतो. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जी ओढ असते ती चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही, तिथे नको. मिरकरवाड्याच्या बाजूला ट्रॉलरची ये-जा, तिथेही नको. गणपतीपुळ्याला तर बोर्डच लावलेत, दरवर्षी माणसं जातात, ते बोर्ड मनापासून पाळा. कुठल्याही किनाऱ्यावर आधी तिथल्या मच्छीमारांना विचारायचं, जाळी कुठे टाकलीत, खडप (पाण्यातले खडक) कुठे आहे, चर कुठे पडलाय. ते बरोबर सांगतात, आणि तुम्ही पाण्यात आहात हे त्यांना माहीत झालं की त्यांची नजरही राहते. भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधायचा फुगा हे दोन्ही नसताना उतरायचं नाही. समजा ओढीत सापडलातच तर काठाकडे तोंड करून झगडायचं नाही, काठाला समांतर बाजूला सरकायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो सुटला की मग काठाकडे वळायचं.

वहिनींची अट सोन्यासारखी आहे. मी इतकी वर्षं दर्यात आहे तरी एकटा पोहत नाही.

आणि डिसेंबरात आमच्याकडे चिवला बीचला राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात, होड्या असतात, जीवरक्षक असतात. तुमची पहिली समुद्रातली स्पर्धा तीच करा. घोळक्यात कोणाचा हात तोंडावर लागणं, तोंडात खारं पाणी जाणं, बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) दिसेनासा होणं, हे सगळं एकदा सुरक्षित जागी होऊन गेलेलं बरं.

थेट_फुल_अलिबाग

माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. मित्राचं म्हणणं चूक नाही. आपल्या मिलिंद सोमणने २०१५ ला झुरिकची फुल १५ तास १९ मिनिटांत केली, तिथलं पोहणं तलावात होतं. थंड पाणी म्हणजे वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालता येतो, वेटसूट माणसाला वर उचलून धरतो, पाय बुडत नाहीत, लाटा नाहीत, जेलीफिश नाहीत. गोव्यात पाणी २८ च्या आसपास, नियमाने २४.५ अंशांच्या वर हौशी स्पर्धकांना वेटसूट चालत नाही, म्हणजे अंतर अर्धं असलं तरी पोहणं प्रत्यक्षात जास्त कठीण. फुलला पोहण्याची मुदत २ तास २० मिनिटं आणि एकूण मुदत बहुतेक ठिकाणी १७ तास, म्हणजे चिकाटीच्या माणसाला न्याय मिळतो. ज्याला समुद्राची खरंच धास्ती आहे त्याने वर्षभर त्या धास्तीशी झुंजण्यापेक्षा तीच मेहनत ३.८ किमी टँकमध्ये पोहायला लावावी.

चिपळूणचा_घाटकरी

अलिबागकर, वेटसूटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, लोक तो विसरतात. पण १८० किमी सायकल आणि त्याच्यावर ४२.२ किमी धावणं, याच्या तयारीला शेवटच्या चार-पाच महिन्यांत आठवड्याला बारा-पंधरा तास लागतात, शनिवारी पाच-सहा तास सायकलवर. झुरिकची होती तशी जुलैतली स्पर्धा धरली तर ते महिने कुठले येतात? मार्च ते जून. म्हणजे फवारण्या, काढणी, पेट्या भरणं, सगळं त्यातच. आंबा बागायतदाराला हे कसं सांगायचं? आणि परदेशी जायचा-यायचा, सायकल विमानाने न्यायचा खर्च वेगळा. हाफ करून शरीर कसं वागतं ते कळलं की फुल आहेच.

बाकी हे ३.८, १८० असले तिरपागडे आकडे कुठून आले असं बरेच जण विचारतात म्हणून सांगून ठेवतो. हवाईमध्ये तीन वेगवेगळ्या स्पर्धा आधीपासून होत्या, वाइकिकीची समुद्रातली पोहण्याची, ओआहू बेटाला चक्कर मारायची सायकलची आणि होनोलुलू मॅरेथॉन. जॉन कॉलिन्स या नौदलातल्या अधिकाऱ्याने त्या तिन्ही एकाच दिवशी करायचं ठरवलं, १९७८ साली. १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केली. म्हणजे हा खेळ जन्माला आला तोच समुद्रात, बेटावर. आपण किनारपट्टीची माणसं, आपल्याला समुद्र परका राहू नये असं मला फार मनापासून वाटतं.

गुहागरची_धावती

पोहण्यावर सगळे बोलले पण तिथे लोक पोहताना कमी आणि धावताना जास्त कोसळतात हो, ते कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते.

पेडलदादा, तुमचा पावसाळ्यातला सगळा सराव गार हवेत होणार. आणि स्पर्धा येते ती ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. सायकल संपवून धावायला लागाल तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असेल आणि आपल्याकडची दमट हवा, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे पाऊस थांबला की शेवटचे दोन आठवडे मुद्दाम सकाळी नऊ-दहा वाजता हळू धावायचं, वेगाचा विचार न करता, ३०-४० मिनिटं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला तर तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, डोक्यावर पाणी ओतायचं.

खाण्यापिण्याचं तर मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय. तासाला ६० ग्रॅम तरी कार्ब पोटात गेले पाहिजेत, सवय झाली तर ९० पर्यंत. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर तासाला अडीच केळी, ते सायकलवर जमत नाही, म्हणून थोडं जेल किंवा साखरेचं पाणी लागतंच. सरावाला मी बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि पाणी नेते. आगळात मीठ असतंच, त्यावर अजून चिमूटभर घालते. उलटी करावीशी वाटते तेव्हाही ते आंबट घशाखाली उतरतं. शहाळ्याचं पाणी चांगलं पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर राहू नका. पाव चमचा मिठात ५५०-६०० मिलिग्रॅम सोडियम असतं, लिटरभर पाण्यात तेवढं घालून बघा आणि पोटाला मानवतं का ते सरावात ठरवा. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणं हे तर धोक्याचंच, रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो आणि आजूबाजूच्यांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतात.

सकाळी निघायच्या दोन-अडीच तास आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. आमच्या घरी आजारी माणसाला देतात तीच. पोटाला जड नाही, कार्ब आहेत, मीठ आहे, पाणी आहे. स्पर्धेच्या सकाळी हॉटेलात पेज मिळणार नाही, तेव्हा थर्मास घेऊन जायचा.

आणि तपासणी. चाळिशीला आलाय, एकदा फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, बीपी, शुगर बघून घ्या, घरात कोणाला हार्टचा त्रास असेल तर तसं सांगा. याला अजिबात फाटा देऊ नका.

रत्नांग्रीचा_पेडल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला, मालवणच्या दादांचा तिथीचा हिशोब तर तिने लगेच कालनिर्णय काढून ताडून बघितला. फुलचा विचार बाजूला ठेवला, आंबा सोडून काही होणार नाही हे घाटकरी दादांचं पटलं. फिजिशियनची वेळ उद्याच घेतो.

दोनच प्रश्न राहिले. माझी सायकल साधी रोड बाईक आहे, टीटी (टाइम ट्रायलची खास वेगाची सायकल) घ्यावीच लागेल का? आणि समुद्रकाठामुळे चेन, नट-बोल्ट सारखे गंजतात, काय करता तुम्ही? दुसरं म्हणजे डोकं वर काढून बघत पोहायचं कसं, टँकमध्ये खाली लाईन असते, समुद्रात काहीच दिसत नाही.

कुडाळ_सायकलवाला

टीटी नको. आहे त्या रोड बाईकवर क्लिप-ऑन एरोबार (कोपरं टेकून वाकून बसायचे पुढचे दांडे) लावा आणि सायकल फिटिंग नीट करून घ्या. एरोबारवर तास-दीड तास मान आणि कंबर न दुखता राहता आलं पाहिजे, तेवढा सराव आधी हमरस्त्यावर नको, जयगडकडच्या मोकळ्या पट्ट्यात करा. हेल्मेट नसेल तर सायकलला हातही लावू देत नाहीत तिथे, ते चांगलं घ्या.

गंजाचं म्हणाल तर किनाऱ्याकडची प्रत्येक राईड झाली की गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायची, प्रेशरने नाही, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. फडक्याने कोरडी करायची, चेन उलटी फिरवत प्रत्येक कडीवर थेंब थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. वरचं पुसलं नाही तर त्यावर वाळू बसते आणि चेन, कॅसेट दोन्ही खाते. सीटपोस्ट वर्षातून एकदा तरी बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेने आत असा जाम होतो की फ्रेम कापायची वेळ येते. दुकानात अशा सायकली दर हिवाळ्यात येतात. टायर बदलायला शिका, स्पर्धेत पंक्चर झालं तर तुमचं तुम्हालाच काढायचंय.

दर्याकिनारी_मालवण

बघत पोहायचं ते असं. डोकं पूर्ण वर काढायचं नाही, काढलं की पाय बुडतात. फक्त डोळे पाण्याच्या वर येतील इतकं, आणि लगेच मान वळवून श्वास घ्यायचा. सात-आठ हातांनी एकदा बघायचं. बोया लहान असतो, लाटेत लपतो, म्हणून त्याच्या मागे काठावरचं काहीतरी उंच धरायचं, माड, मोबाईलचा टॉवर, देवळाचा कळस, आणि त्याच्या रोखाने जायचं. लाटेच्या माथ्यावर आलात की बघा, खळग्यात असताना बघून काही दिसत नाही. टँकमध्ये आत्तापासूनच हे करा, समोरच्या भिंतीवर घड्याळ असेल तर दर लांबीला त्यात किती वाजले ते पोहता पोहता वाचायचं. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, एका बाजूने लाट येत असेल तर दुसरीकडून घ्यायला लागतो.

जेलीफिश लागली तर चोळायचं नाही आणि गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढायचे, मग सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग धरायचा. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना.

नोव्हेंबरात शुद्ध अष्टमीच्या शनिवार-रविवारी जमत असेल तर मालवणला या, वहिनींनाही आणा. आम्ही काही जण त्या दिवसांत चिवल्याला पोहतोच, सोबत एक होडी असते. आधी दोनशे मीटर, जमलं तर चारशे. टोपी नारिंगी किंवा पिवळी आणा, निळी-हिरवी आणलीत तर होडीवाल्याला दिसत नाही. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.